पेटी चौदा, फाइल सहा

हार्लन नीमन गेले तेव्हा आमच्या डेलबीच्या साप्ताहिकाने त्यांच्यावर अकरा ओळी छापल्या. त्यातल्या चार ओळी त्यांनी केलेल्या लबाडीबद्दल होत्या. तेहतीस वर्षं शिकवलं त्याबद्दल दोन. उरलेल्यांत जन्म, आईवडील, चर्च आणि दफनाची जागा. मी ते पान कापून ठेवलेलं नाही. पाठच झालं आहे.

त्या चार ओळी खोट्या आहेत, आणि खोट्या आहेत हे आता जिवंत माणसांत फक्त मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. कॉलेजच्या इतिहास विभागाची सेक्रेटरी होते. मार्लिस ओडेगार्ड, खोली क्रमांक दोनशे चार. दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट टाइप करून देणं हे माझं काम. ते किती नीट केलं ते पुढे कळेलच.

नीमन आले १९८० च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि मला नोकरीला लागून चार महिने झाले होते. जुन्या लांबड्या गाडीतून एक उंच, जरासा पोक काढलेला माणूस उतरला. विजार घोट्याच्या वर आणि गाडीच्या मागच्या भागात बुटांची एकोणीस खोकी. मला वाटलं, बायकोला बुटांची हौस दिसते. तेवढ्यात बायको उतरली, लॉर्ना, तर तिच्या पायात साध्या सपाता. खोक्यांत कार्डं होती. पोस्टकार्डाएवढी, पांढरी, हजारोंनी. आमच्या गावात कुणाला डॉक्टर म्हटलं की लोक लगेच आपला दुखरा गुडघा पुढे करत, म्हणून मी त्यांना प्रोफेसर म्हणू लागले. शेवटपर्यंत तेच राहिलं.

त्यांचा विषय म्हणजे आमच्याच भागातला एक माणूस, अ‍ॅबनर स्लोकम. शंभर वर्षांपूर्वी हा गृहस्थ कुठल्याही पदावर नव्हता. हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून असायचा, आणि राज्यात कोण निवडून यायचं ते त्या खोलीत ठरायचं. त्याच्या पत्रांच्या चाळीस पेट्या राज्याच्या राजधानीतल्या दफ्तरखान्यात पडून होत्या. नीमन म्हणत, या देशाचं राजकारण वॉशिंग्टनात दिसतं खरं, पण शिजतं ते अशा हॉटेलांत. आणि शिजवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवत नाही. हे वेड त्यांना वडिलांकडून लागलं होतं. एमिल नीमन केल्सो नावाच्या गावात न्हावी होते. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचं मत कुणाला जाणार, हे दाढी होईपर्यंत त्यांना कळलेलं असे. मतदानाच्या दिवशी ते दुकान बंद ठेवत आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपल्या गाडीतून मतदानाला घेऊन जात. अर्थात आपल्याच पक्षाच्या म्हाताऱ्यांना.

आता त्या कार्डांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. दफ्तरखान्यात शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत. दारात काढून घेतात आणि हातात पेन्सिल देतात. शंभर वर्षांच्या कागदावर शाई पडली तर काय घ्या. नीमननी या नियमावरच आपली शिस्त बसवली होती. दिवसभर दफ्तरखान्यात बसून पत्रांतला मजकूर पेन्सिलीने कार्डावर उतरवायचा आणि वर कोपऱ्यात पेटीचा आणि फाइलचा नंबर टाकायचा. स्वतःला काय वाटलं ते घरी आल्यावर वेगळ्या कार्डावर, शाईने. पेन्सिल म्हणजे मेलेल्या माणसाचे शब्द, शाई म्हणजे आपले. पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून त्यांनी हे समजावलं. म्हणाले, "मार्लिस, या दोहोंत एकदा गल्लत झाली की इतिहासकार संपला." मी मान डोलावली. मनात म्हटलं, किती हा बाऊ.

आमच्याकडे प्रोफेसरला कायम करायचं की घरी पाठवायचं हे सहाव्या वर्षी ठरतं. पुस्तक छापून येणार असेल तर कायम. नसेल तर वर्षभरात दुसरीकडे बघा. आणि त्या काळात इतिहासवाल्याला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. एकेका जागेला दोनदोनशे अर्ज जायचे. ज्यांचं जमलं नाही त्यांच्यातला एक पुढे विमा विकू लागला, एक बायकोच्या गावी शाळेची बस चालवायचा. नीमननी पाच वर्षं उन्हाळ्याच्या सुट्ट्या दफ्तरखान्यात काढल्या, सहाव्या वर्षी लिहायला घेतलं आणि लिहून झालेलं एकेक प्रकरण मला आणून देऊ लागले. मजकूर त्यांच्या हातचा. तळटीपा मी कार्डांवरून उतरवायच्या. हस्तलिखित मार्चच्या पहिल्या सोमवारी प्रकाशकाकडे पोचायला हवं होतं.

आदल्या बुधवारी एमिल नीमन दुकानात, आपल्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

नीमन केल्सोला निघाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटचं प्रकरण माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, तू बघून घे. मी गुरुवार, शुक्रवार टाइप करत बसले. शुक्रवारी दुपारी सातव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर आले तर एक कार्ड असं निघालं की त्याचा कोपरा कोरा. ना पेटी, ना फाइल. पेन्सिलीत एवढंच लिहिलेलं: 'मतं मोजताना बघायला सगळं गाव जमतं. मतदाराला आणायला बग्गी कुणी पाठवली, ते कुणी विचारत नाही.' मजकुरात हे स्लोकमचं वाक्य म्हणून घातलेलं होतं आणि प्रकरण तिथेच संपत होतं.

फोन करता आला असता. केल्सोचा नंबर माझ्याकडे होता. पण त्या घरी त्या दिवशी बापाची शवपेटी निवडायला माणसं बसली असतील, आणि मी एका नंबरासाठी त्यांना हाक मारायची, हे मला बरं वाटलं नाही. त्या कार्डाच्या वरच्या कार्डावर 'पेटी चौदा, फाइल सहा' होतं. खालच्यावरही तेच होतं. मग मधल्यावर दुसरं काय असणार? टाकला नंबर. मला वाटलं, मी त्यांच्यावर दया करते आहे. सोमवारी गठ्ठा वेळेवर पोचला, नीमन परत आले तेव्हा त्यांना सांगायचं राहून गेलं आणि पुढे प्रुफं वाचताना, आता नंबर आहे म्हटल्यावर, त्यांनाही शंका आली नाही.

नीमन कायम झाले. पुढच्या वर्षी पुस्तक आलं. विभागात केक कापला, लॉर्नाने आनंदाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. मोठ्या शहरातल्या एका वर्तमानपत्राने पुस्तकावर अर्धा स्तंभ लिहिला आणि त्याचा शेवट त्या बग्गीच्या वाक्याने केला. तेव्हा मला ते कोरं कार्ड आठवलं. सांगावं म्हणून उठलेही होते. मग म्हटलं आज नको, आज त्यांचा दिवस आहे. तो आज पुढे सत्तावीस वर्षं चालला.

कारण वाक्य गेलं की उधळत. निवडणूक आली की कुणी ना कुणी ते भाषणात घालायचं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात आलं. कॉफीच्या मगवर आलं. लोकांना स्लोकम कोण ते माहीत नव्हतं, नीमन तर नव्हतेच नव्हते, पण बग्गी माहीत होती. दर चार वर्षांनी मतदानाच्या संध्याकाळी नीमनांच्या घरी आम्हा सगळ्यांना बोलावणं असे. लॉर्ना मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, करायची आणि सोबत दालचिनीचे गोड रोल; आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात आणि बाहेरगावच्या माणसाने तोंड वाकडं केलं तर त्याला पुन्हा बोलावत नाहीत. एकेका राज्याचा निकाल आला की नीमन भिंतीवरच्या नकाशात रंगीत खडूने ते राज्य रंगवायचे, जीभ दातांत धरून. अठ्ठ्याऐंशी साली टीव्हीवरच्या माणसाने बग्गीचं वाक्य म्हटलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीमन लाजून खडू शोधायला लागले. इतका सुखी माणूस मी फार बघितलेला नाही.

एक्क्याण्णव साली एका मासिकाने त्या पत्राचा फोटो मागितला. नीमन हौसेने गाडी काढून राजधानीला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि मला म्हणाले, मासिकाला कळव, पत्र सध्या सापडत नाही, कुठेतरी चुकीच्या जागी ठेवलं गेलं आहे. मी तसं पत्र टाइप केलं. म्हणजे ते तिथे नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी पेटीत असेल, त्यांना हळूहळू सापडेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यांच्या खोलीत कॉफी ठेवून आले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी आले ते त्यांना कळलंही नाही.

त्यानंतर हा माणूस विझत गेला. दुसरं पुस्तक लिहितो आहे म्हणायचे, दर उन्हाळ्यात म्हणायचे. रोमचा इतिहास शिकवणारे रंडल विभागाच्या बैठकीत मुद्दाम विचारत, "काय नीमन, दुसरं कुठवर आलं? आम्ही हयात असताना येईल ना?" सगळे हसत. नीमनही हसत. कार्डांची खोकी कपाटात गेली ती बाहेर आली नाहीत. शिकवणं मात्र जीव तोडून चाललं होतं. वीस वीस वर्षांच्या मुलांना ते एकच गोष्ट शिकवत: पेटी उघडा. दुसऱ्याने छापलंय म्हणून मानू नका, मी सांगतो म्हणूनही मानू नका, स्वतः जाऊन पेटी उघडा. हे सांगताना आवाज असा चढायचा की माझ्या खोलीत ऐकू यायचा, आणि मी टाइप करायची थांबायचे. मुलं कमी होत गेली. शंभराचा वर्ग साठावर आला, मग बावीसवर. अठ्ठ्याण्णव साली लॉर्ना बहिणीकडे डब्युकला राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. मला म्हणाली, "मार्लिस, घरात माणूस आहे पण कुणी नाही गं."

आणि दोन हजार बारामध्ये कॉलेजने नवी इमारत बांधली. दर्शनी दालनाच्या भिंतीवर फूटभर उंचीच्या अक्षरांत बग्गीचं वाक्य रंगवलं, खाली स्लोकमचं नाव. आमचे डीन कर्टिस पेल मूळचे हिशेबतपासनीस. त्यांना इतिहास विभाग म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू वाटायचा. पण भिंतीमुळे तेही नरमले. उद्घाटनाला नीमन भिंतीकडे पाठ करून उभे होते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात कोरिन मेस आली. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात संशोधन करणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, जाड चष्म्याची मुलगी. स्लोकमच्या काळात मतदारांना गाड्यांतून कसं आणत यावर तिचा प्रबंध होता. तिने आधी पत्र पाठवून वेळ मागितली होती. माझ्या खोलीत बसली तेव्हा मांडीवरची फाइल तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. नीमनांकडे ती तासभर होती. बाहेर आली ती रडत होती. मला म्हणाली, मी चाळीसच्या चाळीस पेट्या बघितल्या, मला त्यांना त्रास द्यायचा नव्हता. मी तिला कागदी रुमालांचा डबा दिला. दुसरं काय देणार? जे द्यायला हवं होतं ते मी दिलं नाही.

गोष्ट महिनाभरात डीनपर्यंत गेली आणि ऑक्टोबरात तीन जणांची समिती बसली. डीन, रंडल आणि बाहेरच्या कॉलेजची एक बाई. सभेचा वृत्तान्त टाइप करायला मी, खिडकीजवळच्या टेबलावर.

पेलना प्रकरण मिटवायचं होतं. भिंत होती, देणगीदार होते. त्यांनी स्वतःच वाट काढून ठेवली होती: नीमननी म्हणायचं की तळटीपेचा नंबर चुकला असावा, मूळ पत्र मधल्या काळात गहाळ झालं असावं, सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. समिती खेद नोंदवेल, नीमन पुढच्या वर्षी मानाने निवृत्त होतील, विभागही राहील. रंडलही म्हणाले, अहो, हो म्हणा आणि मोकळे व्हा. एवढा थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्यांना मनापासून वाटत होतं.

नीमन म्हणाले, "पत्र गहाळ झालेलं नाही. असं पत्र कधी नव्हतंच. ते वाक्य स्लोकमचं नाही, माझं आहे."

ते पुढे सांगू लागले, अगदी वर्गात सांगावं तसं. एक्क्याऐंशीच्या जुलैत दफ्तरखान्यात बसले असताना एका पत्रात बग्ग्यांचा उल्लेख आला आणि त्यांना आपल्या वडिलांची गाडी आठवली. एक वाक्य सुचलं. संध्याकाळपर्यंत विसरून जाईन म्हणून तिथल्या तिथे लिहून ठेवलं. हातात पेन्सिल होती. पाच वर्षांनी कार्ड समोर आलं तेव्हा पेन्सिल दिसली, आणि त्यांनी आपल्याच नियमावर विश्वास ठेवला.

बाहेरच्या बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, अशी चूक कुणाचीही होऊ शकते. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "पण प्रोफेसर, कार्डावर नंबर नसणार. मग छापलेल्या पुस्तकात पेटी चौदा, फाइल सहा कुठून आलं? ते तर कुणीतरी ठरवून लिहिलं असेल."

हाच प्रश्न होता. नंबर नसता तर ती एका दमलेल्या माणसाची चूक होती. नंबर होता म्हणून ती लबाडी होती. माझी बोटं कीबोर्डवर होती. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, ते मी लिहिलं. तीन शब्द. माझ्या निवृत्तीला पावणेदोन वर्षं राहिली होती, नवऱ्याच्या मूत्रपिंडाचं औषधपाणी माझ्या नोकरीच्या विम्यावर चालत होतं, आणि मी बसूनच राहिले. नीमननी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला आज कळतं.

"तोही मीच लिहिला," ते म्हणाले.

आणि मी ते टाइप केलं. प्रोफेसर नीमन यांनी नंबर स्वतः घातल्याचे मान्य केले. एकही चूक न करता.

प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. नीमनांना मानद प्रोफेसर केलं नाही, ग्रंथालयातलं त्यांचं टेबल काढून घेतलं. डिसेंबरात रंगारी आले आणि भिंतीला दोन हात पांढरा रंग देऊन गेले. उन्हं तिरपी आली की अक्षरं अजून दिसतात. वसंतात इतिहास विभाग समाजशास्त्रात विलीन झाला, आणि डीनसाहेबांच्या निवेदनात 'अलीकडच्या घटना' असे दोन शब्द होते. तेही मीच टाइप केलं.

पुढच्या नोव्हेंबरात, मतदानाच्या दिवशी दुपारी, मी चिली केली, बेकरीतून रोल घेतले आणि नीमनांकडे गेले. वर्षभरात मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा ओळख पटायला मलाच क्षणभर लागला. गालांची हाडं वर आली होती. भिंतीवर नकाशा नव्हता. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी दोन चमचे खाल्ले असतील. मला आणखी थांबवेना.

"नंबर मी टाकला होता, प्रोफेसर."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"एक्क्याण्णवपासून. राजधानीहून आलो आणि कार्ड काढून बघितलं. कोपरा कोरा. माझ्या पुस्तकातला कोरा कोपरा भरणारं तुझ्याशिवाय कोण होतं?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी समोर बसले होते."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. "मला थोर समजू नकोस, मार्लिस. बावीस वर्षं गप्प बसलो ते माझ्यासाठी. तुझी नोकरी जाईल, ही सबब मला नंतर सुचली. चांगली सबब होती, पुष्कळ वर्षं पुरली." मग म्हणाले, "तो फोटो मागितला तेव्हाच सांगितलं असतं तर चार दिवस हसले असते लोक. मी ते केलं नाही. लबाडी तिथून पुढची आहे आणि ती माझीच आहे. मग सेक्रेटरीने केलं म्हणून सुटायचं? तसे प्रोफेसर मी खूप बघितलेत. तेवढं तरी व्हायचं नव्हतं."

"तुम्ही कबूल केलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"तिने पेटी उघडली गं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी मुलांना ओरडून सांगतोय, पेटी उघडा. एकीने उघडली. तिला काय सांगू, चुकीची उघडलीस?"

मी रडत होते. त्यांनी माझी बशी माझ्यापुढे सरकवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "वाक्य चांगलं होतं पण. नाही का?"

"चांगलं होतं."

"आयुष्यात एकच लिहिलं जे लोकांना हवंसं वाटलं. आणि ते माझं म्हणून नको होतं त्यांना. न्हाव्याच्या पोराचं कोण भिंतीवर लावणार?"

फेब्रुवारीत ते गेले. दफनाला आम्ही नऊ जण होतो. कोरिन मेस बर्फातून सहा तास गाडी चालवत आली आणि मागच्या बाकावर बसली. त्यानंतर साप्ताहिकात त्या अकरा ओळी आल्या.

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. मी डीनकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पेल शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, वृत्तान्त मंजूर झाला आहे, प्रकरण बंद झालं आहे, आणि नीमननी स्वतः मान्य केलेलं आहे, तुम्हीच तर ते टाइप केलंत. आता तुम्ही काही लिहून दिलंत तरी ते कशाला जोडायचं? वर हेही म्हणाले की तुमची निष्ठा मला समजते. त्यांना वाटलं, मी मेलेल्या माणसाला वाचवायला खोटं बोलते आहे. साप्ताहिकवाल्याने तर सांगितलं की आम्ही दुरुस्ती फक्त नावाच्या आणि तारखेच्या चुकीची छापतो.

एप्रिलमध्ये मी राजधानीला गेले. चौतीस वर्षं ज्या दफ्तरखान्याचं नाव टाइप केलं तो कधी पाहिला नव्हता. दारात एका तरुण बाईने माझं पेन काढून घेतलं आणि हातात पेन्सिल दिली. पेटी चौदा मागितली. फाइल सहामध्ये एकच पत्र होतं, दीड पानाचं. स्लोकमने हॉटेलमालकाला लिहिलेलं. अधिवेशनासाठी कालवांची दोन पिंपं मागव, म्हातारे मतदार आणायला चार बग्ग्या तयार ठेव, आणि जर्मन मंडळींना खिडकीपाशी बसव, त्यांच्या चिलमींचा धूर होतो. बस. याच्यावर हा माणूस जुलैच्या उकाड्यात बसला होता, आणि चार बग्ग्या वाचून त्याला बापाची गाडी दिसली होती. मला हसू आलं आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने वळून बघितलं.

मी एक कार्ड घेतलं आणि लिहिलं: 'बग्गीचं वाक्य हार्लन नीमन यांचं आहे. त्याला या फाइलचा नंबर त्यांनी दिलेला नाही. तो मी दिला, त्यांना न विचारता. मार्लिस ओडेगार्ड.' खाली तारीख घातली आणि त्या बाईला म्हटलं, हे एवढं या फाइलमध्ये ठेवा.

तिने वाचलं. मुलगी भली होती, दोनदा वाचलं. म्हणाली, "नाही हो ठेवता येत. पेटीतलं बाहेर नेता येत नाही, तसं बाहेरचंही आत घालता येत नाही. उद्या कुणीही येऊन काहीही ठेवेल."

"बरोबर आहे," मी म्हटलं. नीमननीही हेच सांगितलं असतं.

बाहेर पडताना पेन परत मिळालं. गाडीत बसून मी त्याच कार्डावर खाली तेच सगळं पुन्हा शाईने लिहिलं, म्हणजे पुढे कुणाची गल्लत नको. ते कार्ड एकोणिसाव्या खोक्यात ठेवलं आहे. घर आवरायला आलेली लॉर्ना खोकी टाकून देणार होती, ती मी आणली. माझ्या गॅरेजमध्ये आहेत, ओल लागू नये म्हणून फळीवर. आजवर कुणी मागायला आलेलं नाही.